तळ्याकाठच्या घराची परवानगी

अमरावतीत नगररचनेच्या कामात होते तेव्हाची गोष्ट. अकोल्याहून रोज येजा करायची आणि गाडीतच अर्ध्या फायली डोक्यात निकाली काढायची. त्यातल्याच एका फाइलवर मी जागा न पाहता ‘नामंजूर’ लिहिलं होतं. तळ्याकाठचा लहानसा प्लॉट, पाण्यापासून ठरावीक अंतरात बांधकामाला मनाई, आणि नकाशातलं घर नेमकं त्या अंतरात. विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

आठवड्याभरात अर्जदार बाई समोर येऊन उभी राहिली. गेंदा, शेवंती लावून बाजारात विकणारी. बोटं हिरवट, आवाज खणखणीत.

“म्याडम, तुमी जागा पायली काय?”

“नाही.”

“मंग नाई कसं लिवलं?”

मला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन जागेवर गेले.

रस्त्याला लागून फुलांचे वाफे, पुढे उतार, खाली तळं. बाई मला उतारावरच्या बाभळीपाशी घेऊन गेली. बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची वाळकी रेघ होती.

“पाणी इथवरी येते. इथं कोन घर बांधन?”

“अहो, तुमच्याच नकाशात घर इथं आहे!”

“आमाले तं रस्त्याकडे पायजे. नकाशावाला म्हने, रस्त्याकडून जागा सोडा लागते, तिकडे बसत नाई. मंग त्यानं ढकललं खाली.”

मी मोजून पाहिलं. नकाशावाल्याचं म्हणणं चूक नव्हतं. तळ्याकडून सोडायची जागा आणि रस्त्याकडून सोडायची जागा, दोन्ही वजा केल्या तर मध्ये एक खाटही मावत नव्हती. जमीन तिची, पण घराला जागाच नाही. आणि नवराबायको दोन लेकरांसह भाड्याच्या एका खोलीत राहत होते.

मी नवा नकाशा काढून आणायला सांगितलं. घर रस्त्याकडे सरकवायचं, रस्त्याकडच्या अंतरात सवलत द्यायची. तळ्याकडचा उतार मात्र मोकळा. भिंत नाही, फरशी नाही, सांडपाणी खाली सोडायचं नाही. शिफारस घेऊन साहेबांकडे गेले.

“आज हिला दिलं, उद्या रांग लागेल,” ते म्हणाले.

“लागू द्या सर. प्रत्येकाची जागा जाऊन पाहू.”

त्यांनी फाइल आठ दिवस ठेवली, मग स्वतः जागेवर जाऊन आले आणि सही केली.

रांग लागली नाही, पण एक जण आला. त्याला पाण्याला चिकटून बंगला हवा होता आणि त्याच्या हातात फूलवाल्या बाईच्या आदेशाची झेरॉक्स होती. त्याचीही जागा पाहिली. रस्त्याकडे ऐसपैस मोकळी होती. नकार लिहिताना हात अडखळला नाही.

पुढे एकदा त्या रस्त्याने जाताना बाईच्या दारात थांबले. दोन खोल्या, वर पत्रे. चहा झाला.

“घर बेस झालं म्याडम, पन धूळ लय येते गाड्यायची. तुमी लयच रस्त्यावर आनलं आमाले!”

मी हसले. परतीच्या गाडीत मात्र जागा न पाहता ‘नामंजूर’ लिहिलेल्या जुन्या फायली आठवू लागले. किती होत्या, काही केल्या आठवेना.