तात्यांचं गाऱ्हाणं

देवाशी बोलताना आवाज जरा खाली ठेवावा, असं आमच्या शेजारच्या तात्यांना कधी कोणी सांगितलंच नसावं. साधी कणकवलीची एस.टी. पकडायची असली, तरी ते तुळशीपुढे नारळ घेऊन उभे राहत आणि "बा देवा म्हाराजा!" अशी हाक देत. ती हाक मालवणच्या समुद्रात होडीवर बसलेल्या माणसालाही ऐकू जाई. मग हातातलं काम टाकून आम्ही शेजाऱ्यांनी प्रत्येक मागण्यामागोमाग "होय म्हाराजा!" म्हणायचं. नारळी पौर्णिमेला सगळ्या वाडीच्या वतीने समुद्राला असं मागणं मागायचा, गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. उरलेलं वर्षभर तो मान ते स्वतःच स्वतःला देत.

माझ्या दहावीच्या निकालादिवशीही त्यांनी नारळ उचलला. "ह्या चेडवाचा गणित जरा डळमळीत आसा, तेवढा सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि भर रस्त्यातून जाणाऱ्या पोस्टमनसकट सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मी काठावर पास झाले. त्याचं श्रेय तात्यांनी मला कधीच मिळू दिलं नाही.

तरुणपणी रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढताना दोन्ही दोरांवरच्या माणसांना ताल द्यायला एकटे तात्या पुरत, असं माझे बाबा सांगत. कोणी आवाजाचं कौतुक केलं की तात्या म्हणत, "आवाज देवाचो. माझा फक्त तोंड."

तो आवाज एका पावसाळ्यात बसला आणि गणपती गेले तरी उठेना. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. दवाखान्यात धड मराठीत बोलणारं कोणी हवं, म्हणून तात्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, मला सोबत गोव्याला नेलं. घशात गाठ होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल, बोलणं जाईल, पण जीव वाचेल.

"आणि गाऱ्हाणा?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले.

परतीच्या वाटेवर तात्या एवढंच म्हणाले, "माका दूधसागर बघूचो आसा." कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच रविवारी आमचं आणि तात्यांचं अशी दोन घरं ट्रॅक्स भाड्याने घेऊन निघाली. कुळ्याला वनखात्याच्या फाटकावर रखवालदाराने पिशव्या तपासल्या, प्लास्टिकच्या बाटल्या काढून घेतल्या आणि तात्यांच्या हातातल्या नारळापाशी थांबला.

"हा इथे फोडायचा नाही, आजोबा."

"फोडणार नाय रे. नुसतो दाखवणार."

जंगलातली जीप, नदीतलं पाणी, मग दगडांवरून चाल. पाऊस सरला होता, तरी धबधबा ऐन भरात होता. मान मोडेपर्यंत वर बघावं तरी त्याचा माथा पुरता दिसेना, आणि शेजारच्या माणसाने कानात ओरडलेलंही कळेना. तात्या एका दगडावर उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग त्यांनी दोन्ही हातांत नारळ धरला आणि तोंड उघडलं. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो. तेवढ्यात नारळ कपाळापर्यंत वर गेला, नेहमी जायचा तसा, आणि काकी ओरडल्या. काय ओरडल्या ते दिसलं. मग आम्हीही ओरडलो. नारळ खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा आम्ही ओरडलो.

जीपपाशी आल्यावर तात्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "ऐकाक इला काय?"

"एक अक्षर नाय, तात्यानु," मी म्हटलं.

"मगे होय म्हाराजा खंय म्हणूचा, ता कसा कळला?"

"इतकी वर्सां म्हणतो आमी," काकी म्हणाल्या. "तुमचो नारळ वर गेलो की कळता."

सावंतवाडी मागे पडल्यावर कधीतरी तात्या म्हणाले, "मगे चलतला." दुसऱ्या दिवशी तो नारळ काकींनी बांगड्याच्या तिखट कालवणात, तिकल्यात, वाटून घातला, आणि त्याच आठवड्यात तात्या ऑपरेशनला गेले.

ते वर्ष आमच्या वाडीत फार शांत गेलं. मला ती शांतता आवडेल असं कधीकाळी वाटलं होतं. ती मुळीच आवडली नाही. मी सकाळी कामावर निघताना तुळशीपुढे कोणी नसायचं आणि मला रडू यायचं.

नारळी पौर्णिमा आली. तात्यांना वाईट वाटू नये, म्हणून वाडीतल्या थोरांनी हळूच दुसऱ्या एकाला गाऱ्हाण्याची तयारी करायला सांगून ठेवलं होतं. तो नारळ घेऊन पाण्यापाशी उभा असताना तात्या धुवट धोतर नेसून, गळ्याला मफलर गुंडाळून आले. त्यांनी नुसता हात पुढे केला. त्याने नारळ देऊन टाकला आणि तो मागे सरला.

तात्यांचे ओठ हलू लागले. किनाऱ्यावर फक्त लाटा ऐकू येत होत्या, आणि लोक चुळबुळत होते. नारळ वर गेला. "होय म्हाराजा!" दूधसागरला गेलेल्या दोन घरांनी हाळी दिली. दुसऱ्यांदा नारळ वर गेला तेव्हा अर्धी वाडी होती, आणि तिसऱ्यांदा सगळा किनारा. कोणाचं एकदाही चुकलं नाही. माझे डोळे इतके भरून आले होते, की मला नारळही नीट दिसत नव्हता.

नारळ समुद्रात गेला. काकींनी पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुरकुरल्या, "आज ह्यांनी लयच लांबवल्यानी!"

तात्या वळले, काकींकडे बघून हसले, आणि त्यांनी रिकामे हात जोडून कपाळापर्यंत नेले.

"होय म्हाराजा!" सगळा किनारा म्हणाला.