गोळीही घेतली, उपवासही धरला

माझं शिक्षण चौथी. सांगलीच्या त्या हॉटेलात एवढे डॉक्टर गार हवेत बसले होते, तिथं माझं काही काम नव्हतं. तरी गेलो. माझ्या बायकोच्या मरणावर तिथं चर्चा होणार होती, आणि तिचं शेवटचं बोलणं कुणाचं होतं, एवढंच मला विचारायचं होतं.

आमच्या कडेगावच्या डॉक्टरांनी घरी येऊन परवानगी मागितली होती. बरीच वर्षं तेच हिचा साखरेचा आजार बघायचे. म्हणाले, "तात्या, डॉक्टर लोकांचं चर्चासत्र आहे. पुण्याचे मोठे तज्ज्ञ येणार आहेत. साखरेचा आजार आणि उपवास, असा विषय आहे. काकींचं सगळं तिथं मांडू का? नाव घेणार नाही."

"मांडा. पर मी बी येणार."

"तिथं सगळं इंग्रजीत असतं, तात्या."

"बरं हाय की. मला शिव्या दिल्या तरी कळायच्या न्हाईत."

ते हसले नाहीत. गाडीनं घेऊन गेले.

झालं होतं ते असं. नवरात्रात आमच्याकडं घट बसतात. लग्न होऊन आली तेव्हापासून ही सगळ्या माळांचा उपवास धरायची. आजार निघाला तरी सोडला नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी एक दिवस चुकवायची नाही. ते तिनं पाळलं. साबुदाणा, बटाटा बंद, असंही रोजच्या पथ्यात सांगितलं होतं. तेही पाळलं. म्हणजे रोजची भाकरी देवीमुळं बंद, आणि फराळाचं डॉक्टरांमुळं बंद. राहिलं काय? मूठभर शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा. तिनं कुणाचाच शब्द मोडला नाही.

शेवटच्या माळा होत्या. दिवस मावळायला मी उसाला पाणी पाजून आलो, तर दारात चपलांचा ढीग. ही घटापुढं बसलेली. घामानं चिंब, हात थरथरत होते, नजर एका जागी, अंग डुलत होतं. धाकट्या भावाच्या बायकोनं हिच्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरलेला. बायका आरती म्हणत होत्या.

"भावजी, वारं आलंय," भावजय म्हणाली. "जाऊबाईंच्या अंगात कवाच आलं नव्हतं. पाया पडा आधी."

मी पुढं झालो. हिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू जेवलास का रं?"

सगळ्या संसारात ही मला कधी 'तू' म्हणाली नव्हती. चिडली तरी 'आवं'च. पाठीमागनं कुणीतरी ओरडलं, "बोलली! आई बोलली!"

मी हात जोडले. म्हणालो, "जेवलो, आई."

मग तिच्या हातून सगळ्यांना खडीसाखर वाटली. तिच्या तोंडात कुणी घातली नाही. तिला साखर चालत नव्हती ना. थोड्या वेळानं ती कलली. वारं उतरलं, आता झोपू द्या, म्हणून सगळ्यांनी तिला निजवली. सकाळी हलवली तर उठेना. सांगलीला दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, पोट रिकामं आणि वरनं गोळी, साखर पार खाली गेली, मेंदूला मिळाली नाही. परत शुद्धीवर आलीच नाही.

हॉलमध्ये पडद्यावर नुसतं लिहिलं होतं, बासष्ट वर्षांची स्त्री, शेतकरी कुटुंब. आमचे डॉक्टर बराच वेळ इंग्रजीत बोलले. शेवटचं माझ्याकडं बघत मराठीत बोलले. "उपवास धरता का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. गोळी चुकवू नका, एवढंच दर खेपेला सांगत राहिलो."

एक तरणा डॉक्टर उठला. "सर, पेशंटची आरती करतात म्हणजे काय! उपवास बंदच करायला लावले पाहिजेत." मागं दोघं-तिघं हसले. मी त्यांच्यावर चिडलो नाही. आरतीचं ऐकून मलाही हसू आलं असतं, दुसऱ्याच्या घरची असती तर.

पुण्याचे तज्ज्ञ मी बसलोय म्हणून मराठीत बोलले. "बंद करा म्हणालात तर त्या बाया उपवास बंद करणार नाहीत, तुम्हाला सांगायचं बंद करतील. सण यायच्या आधी विचारा. गोळी कमी करा, बदला. आणि घरच्यांना सांगून ठेवा, घाम, थरथर, वेगळं बोलणं दिसलं की आधी साखर द्यायची. देवाचं नंतर."

मग कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. मी हात वर केला. माईक हातात दिला. घरचं सगळं सांगितलं, आणि विचारलं, "सायेब, ते कोण बोललं? देवी, आजार, का ती?"

तज्ज्ञांनी उलट मलाच विचारलं, "रोज विचारायच्या का, जेवलात का म्हणून?"

"रोज. पर आवंजावं करून."

"मग त्याच बोलल्या असणार. साखर उतरली की रीतभात आधी सुटते, बाबा. माणूस आत असतंच."

"नक्की?"

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही. मला तसं वाटतं."

मी खाली बसलो. पुढं काय चर्चा झाली ते ध्यानात नाही.

देवी बोलली म्हणाले असते तर मी सुटलो असतो. आजार बोलला म्हणाले असते तरी चाललं असतं. आता कळलं, तेवढ्या गर्दीत, तसल्या अवस्थेत, तिनं मला ओळखलं होतं. मी तिला ओळखलं नाही. मी तर जेवलोही नव्हतो. उसाला पाणी पाजून आलेला माणूस कुठला जेवतोय? देवीपुढं रडगाणं नको म्हणून तसं म्हणालो. बायकोला म्हणालो असतो, न्हाई अजून, वाढ की.

मग ती वाढायला उठली असती. चुलीकडं निघाली असती, दोन पावलांवर पडली असती. आणि पडलेल्या बाईच्या कुणी पाया पडत नाही, तिला उचलून दवाखान्यात नेतात.