तिकिटात धरलेलं जेवण

विमान प्रवासाचा मला पहिल्यापासून एकाच गोष्टीसाठी राग आहे. तिथं भाव करता येत नाही. समोरची मुलगी हसते, आकडा सांगते आणि पुन्हा हसते. तुम्ही हात आपटा, आवाज चढवा, निघून जायचं नाटक करा. तिला काही फरक पडत नाही, कारण गरज तुमची असते.

घर शिरूरला आणि लाकडी खोकी बनवायचा माझा कारखाना सणसवाडीला. रांजणगावच्या कंपन्यांची यंत्रं बाहेरगावी जायची ती माझ्या खोक्यांत बसून. दुसऱ्याच्या वखारीत फळ्या वाहण्यापासून मी सुरुवात केली होती, त्यामुळे कुणाला फुकट काही सोडायची सवय नव्हती. चेन्नईला एक मोठं गिऱ्हाईक लागलं आणि दर महिना-दीड महिन्यानं विमानाची वारी सुरू झाली. काउंटरवर वजन जास्त भरलं तर मी तिथंच बॅग उघडून दोन शर्ट अंगावर चढवायचो, पण जादा वजनाचा दंड भरायचो नाही. परगावच्या हॉटेलात आधी भटारखान्यात डोकावून यायचो आणि मगच बसायचो. तिथले वाढपी मला ओळखून होते. मी भांडायचो, पण बरोबरच्याला उपाशी उठू द्यायचो नाही. ड्रायव्हर असो, गिऱ्हाईकाचा कारकून असो, माझ्याबरोबर बसला की पोटभर जेवूनच उठायचा.

एकच माणूस माझ्या घासाला कधी शिवला नाही. माझे सासरे.

ते दौंडचे, रेल्वेतून रिटायर झालेले. आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न असतो आणि लोक तो हसतखेळत निभावतात. आमच्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पुण्याचे डॉक्टर झाले, नवस झाले. सासूबाई तोवर गेल्याच. सासरे मात्र रीत धरून होते.

लेकीवर त्यांचा जीव होता, त्यामुळे भेटायला नेमानं यायचे. दौंडहून एसटी, वाटेत न्हावऱ्याला उतरायचं, स्टँडवरच्या हॉटेलात मिसळ खायची, पाण्याची बाटली भरून घ्यायची आणि पुढच्या गाडीनं शिरूर. आमच्या ओट्यावर बसून दिवसभर गप्पा मारायचे. तहान लागली की पिशवीतली बाटली काढायचे. बायको आत भाजी फोडणीला टाकायची, वास बाहेर यायचा, आणि हे उठून म्हणायचे, "चला, गाडीची येळ झाली." परत जाताना पुन्हा न्हावरं. त्या हॉटेलवाल्याला माझ्या सासऱ्यांना तर्री किती चालते ते ठाऊक होतं. मला नव्हतं. हे शल्य मी कुणापुढं बोललो नाही, पण न्हावऱ्यावरून गाडी गेली की माझं डोकं तापायचं.

मग त्यांच्या डोळ्याचं दुखणं निघालं. पडदा सरकलाय, ऑपरेशन चेन्नईला चांगलं होतं, असं पुण्यात सांगितलं. माझं तिथं जाणं-येणं होतंच. मी दोन तिकिटं काढली. वाटलं होतं, नको म्हणतील. पण ते एवढंच म्हणाले, "इमानात बसनं येगळं आन् खानं येगळं. बसतो."

निघायच्या आदल्या दिवशी बायको माझी बॅग भरताना मध्येच थांबली. म्हणाली, "अहो, विमानात जेवण देतात ना?"

"देतात. तिकिटात धरलेलं असतं."

"म्हणजे तुमच्याच पैशाचं." ती शर्टाची घडी परत परत मोडत होती. "तिथं घर नाही, उंबरा नाही, आबा कशाला नाही म्हणतील? एकदा का त्यांनी ते खाल्लं की मी म्हणेन, जावयाचं अन्न पोटात गेलंय, आता इथं चार घास खायला काय होतंय? बघाच तुम्ही."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे मागितलं. मी म्हणालो, "खाऊ घालतो. ते काम माझ्यावर सोड."

सासरे आले ते स्वतःचं बिऱ्हाड घेऊनच. पिशवीत भाकरी, तेलातली शेंगदाण्याची चटणी, कांदे, पाण्याची बाटली आणि कांदा कापायचा छोटा चाकू. विमानतळावर चाकू पाहिल्यावर काउंटरवरच्या पोरीनं मान हलवली. मग चटणीचा डबा उघडायला लावला. तेल सांडेल, म्हणाली, ही पिशवी वर नेता येणार नाही, सामानात टाका. एरवी मी तिच्या साहेबाला बोलावलं असतं, त्याच्याही साहेबाला बोलावलं असतं. त्या दिवशी मी बरं म्हणालो आणि सगळी पिशवी, बाटलीसकट, माझ्या मोठ्या बॅगेत घालून पट्ट्यावर सोडली. सासरे त्या पट्ट्याकडं बघत राहिले.

"मिळंल न्हवं परत?"

"उतरल्यावर मिळेल, मामा."

विमान उशिरा आलं. कधी येणार ते कुणी सांगेना. मी दोनदा जाऊन भांडून आलो आणि दोन्ही वेळा तेच हसू घेऊन परतलो. सासरे खुर्चीत पाठ ताठ करून बसले होते. मी चहा आणू का विचारलं, तर हातानंच नको केलं. नळाचं पाणी मात्र पिऊन आले. ते सरकारचं होतं.

शेवटी विमान सुटलं. सुरुवातीला गोळ्यांचा ट्रे आला. त्यांनी मला विचारलं, "ह्ये बी तिकिटात धरलंय?" मी हो म्हणालो. त्यांनी हात मागं घेतला. हो म्हणायला नको होतं, पण बायकोला दिलेला शब्द त्या 'हो'मध्येच होता. फुकटचं म्हणून त्यांनी खाल्लं असतं तर त्याचा तिला काय उपयोग?

जेवणाचा ट्रे त्यांच्यापुढं आला. भात, कसलीशी भाजी, पाव, दह्याची वाटी. त्यांनी ट्रे नुसता सरळ केला.

"मामा, घ्या ना."

"तुमी घ्या."

"माझ्यापुढं माझा आहे. हा तुमचा."

"तिकीट कुनी काढलं?"

"मी."

"मग तुमचाच की."

मी हळू आवाजात समजावलं. म्हणालो, हे माझ्या घरचं नाही, तुमच्या लेकीनं रांधलेलं नाही, कुठल्या तरी ठेकेदारानं बनवलंय. ते ऐकत होते आणि मान डोलवत होते, एखादा माल घ्यायचा नसलेला माणूस डोलवतो तशी. आयुष्यभर मी समोरच्याची गरज हेरून भाव पाडला. या माणसाला माझी कशाचीच गरज नव्हती. मग माझा तोल गेला. "अहो, लेकीच्या नशिबात नाही त्याला ती काय करणार? जन्मभर तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही का?" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

सासरे शांतपणे म्हणाले, "वरडू नका. मी रीत मोडली तर तिला मूल व्हायचं न्हाई, आसं मी धरलंय. मोडली आन् खरंच झालं न्हाई, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

 त्यांच्या मनात हे आहे, हे मला माहीत नव्हतं. मी तो त्यांचा ताठाच समजत होतो.

थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावर घाम दिसला. हात मांडीवर होते, पण बोटं थरथरत होती. विचारलं तर म्हणाले, साखरेच्या दुखण्याची गोळी पहाटे घेतली, भाकरी वाटेत खाईन म्हणून खाल्लं काही नाही. भाकरी तर आमच्या पायाखाली विमानाच्या पोटात होती. ट्रे समोर, दही समोर, आणि माझा सासरा डोळे मिटून घेत होता. "मामा, पाया पडतो, दोन घास घ्या." त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

त्यांच्या पलीकडं खिडकीशी एक मद्रासी गृहस्थ बसले होते, पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. ते मघापासून ऐकत होते. भाषा कळली नसेल, पण घाम दिसत होता. मी माझ्या कारखान्यातल्या हिंदीत म्हणालो, "साब, आप का खाना इन को दो, इन का आप लो. मेरा दिया हुआ ये खाते नहीं." त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा सासऱ्यांकडं बघितलं आणि काही न विचारता आपला ट्रे उचलून त्यांच्यापुढं ठेवला. दह्याची वाटी स्वतः उघडली. "शाप्पिडुंगो, ऐया," म्हणाले, म्हणजे जेवा, बाबा.

सासऱ्यांनी डोळे उघडले. "ह्यांचा हाय ह्यो?"

"त्यांचा आहे."

त्यांनी त्या गृहस्थाला हात जोडले आणि जेवले. दही आधी, मग भात हातानं कालवून, मग पाव. एकाच गाडीवरून उतरलेले दोन ट्रे होते. एकसारखा भात, एकसारखी भाजी. थोड्या वेळात त्यांच्या तोंडावर तरतरी आली. त्या गृहस्थाला मराठीतून विचारायला लागले, पोरं किती, शेती किती, मद्रासला ऊस होतो का. तेही त्यांच्या भाषेत उत्तरं देत होते. दोघं छान बोलत होते. माझा ट्रे मी जसा आला तसा परत दिला.

चेन्नईला सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहून मी घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"खाल्लं का आबांनी?"

"खाल्लं. भात, दही, पाव, सगळं."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुमच्या ताटातलं?"

खोटं बोलायला मला जड जात नाही, धंदाच तसा आहे. पण ती तिच्या बापाला ओळखत होती. मी म्हणालो, "शेजारी एक माणूस होता. त्याच्या ताटातलं."

 सासऱ्यांनी फोनसाठी हात पुढं केला, मी दिला. "आगं, लई भला मानूस भेटला," ते मोठ्यानं सांगायला लागले. "न्हाई, मी बरा हाय. तुझा नवराच उपाशी हाय. ट्रे तसाच दिला परत, रागाराग करून. आता ह्यांना आधी जेवू घालतो, मग दवाखाना."

आणि त्यांनी मला खरंच बाहेरच्या एका हॉटेलात नेलं. केळीच्या पानावर भात वाढला, सांबार आलं, पापड आला. स्वतःसाठी फक्त ताक सांगितलं. पैसे त्यांनी आधीच गल्ल्यावर दिले होते, मी हात धुवून येईपर्यंत. सासऱ्यानं जावयाला जेवू घालायला कुठल्याही रीतीची आडकाठी नाही.

"घ्या की आजून," ते म्हणाले, आणि वाढप्याला खुणेनं बोलावलं.

त्यानं माझ्या पानावर भात वाढला. मी नको म्हणालो, तरी त्यांनी आणखी एक मूद वाढायला लावली. मी मान खाली घालून जेवलो.