धुराड्यावरचं कुंकू

बोटीच्या धुराड्यावर कुंकू लावलेलं होतं. अजून ओलं होतं आणि त्यावर तांदळाचा एक दाणा चिकटला होता. बोट म्हणजे खेळायच्या पत्त्यापेक्षा थोड्या लहान कार्डावर छापलेलं चित्र. आदल्याच दिवशी मी ते भिंगाखाली धरून ‘निर्दोष’ असा शेरा दिला होता.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरीला होते. खाली लेथ मशीनं, वर आम्ही. जुनी तिकिटं, नाणी आणि सिगारेट कार्डं विकून देणं हा आमचा धंदा. पूर्वी विलायती सिगारेटच्या पाकिटात एक चित्राचं कार्ड यायचं. बोटी, पक्षी, क्रिकेटवाले. सबंध सेट जमला तर त्याला किंमत, एक जरी कमी पडलं तर फार कोणी विचारत नाही. असे सेट आम्ही इंग्लंडमधल्या एका एक्स्पर्टकडे ग्रेडिंगला पाठवायचो. तो प्रत्येक कार्डाची कंडिशन बघून दर्जा ठरवायचा आणि गिऱ्हाईकही तोच शोधायचा. फी मात्र कार्डामागे. त्यामुळे खराब कार्डं पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून मी आधी लोकांच्या घरी जाऊन तपासणी करायचे.

त्यात फार मोठं शास्त्र नाही. हात धुऊन कोरडे करायचे. कार्ड काळ्या कापडावर ठेवायचं, म्हणजे झिजलेला कोपरा पांढरा दिसतो. टेबललॅम्प बाजूने तिरपा धरायचा, म्हणजे मुडपलेली जागा सावली पाडते. चारी बाजूंची किनार सारखी आहे का ते पाहायचं, याला आम्ही सेंटरिंग म्हणायचो. आणि काहीही साफ करायला जायचं नाही. कल्याणच्या एका वकिलांनी डाग काढता काढता खोडरबराने एका सरदाराची मिशी उतरवली होती. वर मलाच विचारलं, आता कसं दिसतंय?

गजानन कोळी चेंदणीच्या कोळीवाड्यात राहायचा. त्याचे वडील इंग्रजी कंपनीच्या बोटीवर खलाशी होते. साहेबांनी टाकलेल्या पाकिटांतून त्यांनी बोटींचा पन्नास कार्डांचा सेट जमवला होता. तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात इतका छान राहिला होता, की मला आधी खोटाच वाटला.

“ही बाबांची बोट,” सगळ्यात वरचं कार्ड दाखवत गजानन म्हणाला. “हिच्यावरच गेलेले. ते आलेच नाय.”

“मग विकताय कशाला?”

“आमच्या होडीचं इंजिन बसलंय, मॅडम. सेट गेला तर इंजिन घेईन. नायतर होडी विकायची आणि तुमच्या वागळेला वॉचमन.”

त्याची आई दारात जाळं शिवत बसली होती. कार्डं कुठे जाणार, एवढंच तिने विचारलं. मी इंग्लंड म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. उद्या न्यायला येते, तोवर कोणी हात लावू नका, असं मी दोनदा बजावून निघाले.

आणि दुसऱ्या दिवशी हे कुंकू.

“कोणी केलं हे?” मी विचारलं.

“सुनेनं,” म्हातारी म्हणाली. “मीच सांगितला तिला. एवढ्या लांब चाललंय, कुकू लावल्याबिगर कसा पाठवायचा?”

गजानन डोकं धरून बसला. “आय, हात लावू नको म्हणून सांगितलेलं ना तुला?”

“मी कुठं लावला?”

“पण आजी, पन्नासातल्या या एकालाच का?”

“ह्याच्या बापाची बोट ती. तो गेला तवा परस्पर बंदरावरनंच गेला. घरी यायला टाईम गावला नाय त्याला. कुकू राहिलं.”

मला इतका राग आला होता, की आता चांगलं सुनवायचं असं ठरवलं होतं. तो राग गेला. डाग मात्र होता तिथेच होता. मी सगळा सेट तसाच पिशवीत घातला आणि ऑफिसला आले.

आमचे प्रधान साहेब म्हणाले, “स्पिरिटने पुसा.”

“साहेब, कुंकू हळदीचं असतं.”

“मग?”

मग मी एका रद्दी कार्डावर कुंकू लावून त्यांच्यासमोर स्पिरिटने पुसून दाखवलं. लाल गेलं, त्याच्या दुप्पट पिवळं पसरलं.

“राहू दे तसंच. सांगू नका. बऱ्याच बोटींची धुराडी लालच असतात.”

“मधोमध एवढंसंच लाल नसतं, साहेब. आणि एक लपवलेलं सापडलं, की उरलेल्या सगळ्यांवर तो एक्स्पर्ट संशय घेणार.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “लिहा काय ते खरं. इंजिन गेलं त्या माणसाचं.”

मलाही तसंच वाटत होतं. कुंकू म्हणजे काय आणि ते कार्डावर कशासाठी, हे इंग्रजीत लिहिताना माझी सगळी दुपार गेली.

उत्तर यायला पावसाळा उलटला. एकोणपन्नास कार्डांना उत्तम दर्जा मिळाला होता. एकाला ग्रेड देता येत नाही, असं कळवलं होतं. पण त्या एक्स्पर्टने आपल्याजवळचं त्याच नंबरचं दुसरं कार्ड घालून सेट पुरा केला होता, त्याची किंमत कापून घेतली होती आणि सेट विकला होता. कुंकवाचं कार्ड दोन पुठ्ठ्यांत नीट बांधून स्वतःच्या खर्चाने परत पाठवलं होतं.

मी ते घेऊन कोळीवाड्यात गेले. पैसे किती मिळणार ते ऐकून गजाननने बोटांवर हिशेब केला.

“नवीन नाय येणार,” तो म्हणाला. “सेकंडहँड येईल. चालतंय. वॉचमन तर नाय व्हायला लागणार.”

मग मी पुठ्ठे सोडून कार्ड त्याच्या आईच्या हातात दिलं. तिने आधी पदराला हात पुसले. एवढ्या वर्षांत न सांगता कार्डाआधी हात पुसणारी ती पहिलीच. कुंकू जरा फिकट झालं होतं. ती बराच वेळ बघत राहिली.

“आला,” ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “परत यावा म्हणूनच लावतात, बाय. तुम्हाला ठावं नव्हता?”

घरच्या घरी कार्डं तपासणाऱ्यांना मी तेव्हापासून एक सूचना जास्तीची देते. कार्डं पाठवायच्या दिवशी कुंकवाचा करंडा लांब ठेवा. एखादं परत यायला हवं असेल, तर ते आधीच काढून घ्या. दर वेळी टपालखर्च समोरचा करत नाही.