दत्तूचं लग्न आणि माझी दोरी

विहिरीचा गाळ दोन-चार सालांनी उपसावा लागतो, न्हाईतर पाण्याला वास मारतो. डोक्याचंबी तसंच हाय. आमच्या पथकात किस्से एवढे साचलेत, की अधूनमधून कुणाला सांगून टाकले न्हाईत तर झोप लागत न्हाई. तवा बसा. चहा मात्र तुमी सांगायचा!

आमचं पथक म्हंजे काय, तर जिल्ह्यात कुणी विहिरीत न्हाईतर तलावात बुडालं की ज्यांना फोन येतो ते. दत्तू पाठीवर हवेची टाकी बांधून खाली जातो. मी काठावर बसून त्याच्या कमरेची दोरी धरतो. एक झटका म्हंजे ठीक हाय, दोन म्हंजे ढील सोड, तीन म्हंजे ओढ. बास, एवढीच आमची भाषा.

खरं सांगू का, मला आता कटाळा आलाय. रडणारी माणसं बघून बघून जीव इटलाय. पण दत्तू म्हणतो, "नाना, दुसऱ्याच्या हातात दोरी असंल तर मी पायरीबी उतरत न्हाई." म्हणून मी घरी सांगून ठिवलंय, ह्या गड्याचं एकदा लग्न लागू द्या. बायको आली की पहिल्या आठवड्यात त्याला हे काम सोडायला लावती. तो सुटला की मी सुटलो!

आता अडचण एवढीच, की त्याचं लग्न जमत न्हाई.

*

लोकांना वाटतं पाणबुड्या म्हंजे दंड फुगलेला, छाती काढून चालणारा गडी. तसा एक आलता आमच्याकडं, तेलगावकडचा. पैलवान! हौदात दम धरून बसला तर आमी बिडी ओढून मोकळं व्हायचो, तरी हा आतच. पथकाचे साहेब लई खुश. म्हणले, "नाना, हा बघा खरा माणूस."

मी म्हणलो, एकदा विहिरीत घालून बघू.

जुनी विहीर व्हती, पाणी हिरवं. हातभर खाली गेलं की आपलाच हात आपल्याला दिसत न्हाई. पैलवानाला टाकी बांधली, तोंडात नळी दिली, सोडला. टाकी गच्च भरलेली, पण गडी लगीच वर! डोळे पांढरे, नळी थुकून टाकली, पायरीला मिठी मारून बसला.

"काय झालं बे?"

"नाना, खालची लाईट गेलीय! डीपी उडाला का बघा!"

*

टाकीचं तर इचारूच नका. सगळा जिल्हा तिला ऑक्सिजन म्हणतो. एकदा एक म्हातारबा काठी टेकत जीपपाशी आले. म्हणले, "मला दमा हाय. थोडा ऑक्सिजन मलाबी ओढू द्या."

दत्तूनं त्यांना खाली बसवलं. समजावून सांगितलं, "आबा, ह्याच्यात ऑक्सिजन न्हाई. साधी हवा हाय. तुमी-आमी ओढतो तीच, दाबून भरलेली."

म्हातारबांनी एकदा टाकीकडं बघितलं, एकदा दत्तूकडं. "मग गावात हवा काय कमी हाय का, ही पाठीवर घिऊन हिंडायला?"



*

चौसाळ्याकडचा किस्सा ऐका. एकाची पाण्यातली मोटार विहिरीत तुटून पडली व्हती. ते आमचं काम न्हाई, पण दत्तूला न्हाई म्हणता येत न्हाई. अख्खं गाव काठावर जमलं. मी दोरी धरून बसलेलो. तेवढ्यात माझ्या डोळ्यात कचरा गेला आन मी एका हातानं डोळा चोळायला लागलो.

नेमका तवाच दत्तूनं खालून एक झटका दिला.

"अरे बोलावतोय तो! ओढा!" कुणीतरी वरडलं. मी न्हाई-न्हाई म्हणस्तोवर दोरीला ईस-पंचवीस हात लागले. शर्यतीतला रस्सा असावा तसा ओढला त्याला! माणूस वर आला तो पाय वर, डोकं खाली. पायात घालायचा एक पंखा विहिरीतच राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तू पाणी थुकत म्हणला, "अहो, मी बरा हाय, एवढंच सांगत व्हतो!"

एवढ्या झटक्यात वर आणल्यावर कान जातो. त्याच्या उजव्या कानात महिनाभर भुंगा बोलत व्हता. मी त्या दिवसापास्नं डोळ्यात काईबी जाऊ दे, दोरी सोडत न्हाई.

*

आता लग्नाचं. दत्तूचा मामा लई हुशार माणूस. पोरगा मढी काढतो म्हणलं की स्थळ उठून जातं, हे त्याला पहिल्या दोन स्थळातच कळलं. तिसऱ्या घरी त्यानं ठोकून दिलं, "मुलगा पाण्याच्या खात्यात हाय!"

पोरीचा बाप एकदम सरळ बसला. पोह्यावर जास्तीचं खोबरं आलं. दत्तूला गादीवर सरकवलं. मी म्हणलो, जमलं बुवा ह्या खेपेला!

मग बाप हळूच म्हणला, "पाव्हणं, आमच्या गल्लीला आठवड्यातनं एकदा नळ येतो. तेबी अर्धा घंटा. तेवढं तुमच्या साहेबाला सांगून बघा की."

दत्तू खोटं बोलत न्हाई, हा त्याचा मोठा दुर्गुण. म्हणला, "मी नळाचं न्हाई बघत. मी बुडालेली माणसं काढतो."

पोहे अर्धे राहिले. घरी जाताना दत्तू म्हणला, "खोबरं चांगलं व्हतं."

*

ही गोष्ट हसायची न्हाई, पण सांगतो. एका तलावात तरणा पोरगा गेला. दत्तू दोनदा खाली जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला आन हात हलवतच वर आला. टाकीतल्या हवेचा काटा लाल रेघेवर आला की वर यायचं, मग खाली कुणीबी असू दे, हा नियम हाय. पण ते काठावरच्या माणसाला कसं कळावं?

त्या पोराचा थोरला भाऊ पळत आला. "भेकड हाईस तू! माझा भाऊ खाली हाय आन तू वर येतूस?" आन दिली ठिवून कानाखाली.

मी उठलोच व्हतो. दत्तूनं मला हातानं बसवलं. भावाला म्हणला, "दादा, ह्या कानावर नका मारू, हा दुखतोय. त्या बाजूनं मारा."

त्या भावाचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तो तिथंच चिखलात बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आमी पुन्हा गेलो. दत्तूनं त्या पोराला वर आणलं, उचलून बापाच्या पुढ्यात ठिवलं आन जीपमधी जाऊन झोपला. मला त्या दिवशी दोरी गुंडाळायचाबी कटाळा आला. म्हणलं, आता बास. आता ह्याला बोहल्यावर चढवायचाच.

*

मागच्या महिन्यात उमापूरला गेलतो. मनीषा नावाची पोरगी, बारावी शिकलेली. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, ही मागं राहून धाकट्या भावंडांचं बघती. मामानं वाटंत दत्तूला शपथ घातलती, "तू फक्त पोहे खायचे. बोलायचं मी."

पण मामानं तोंड उघडायच्या आत दत्तूच म्हणला, "मी पथकात हाय. विहिरीतनं, तलावातनं माणसं काढतो. मेलेली."

मामानं डोळे मिटले. बापाचा चमचा बशीतच थांबला. मी मनात म्हणलो, गेलं हेबी! अजून किती सालं दोरी धरायची माझ्या नशिबात हाय, ते त्या देवालाच ठावं!

पोरगी खाली मान घालून बसलेली. तशीच म्हणली, "जिती किती निघाली?"

दत्तू म्हणला, "एकबी न्हाई. आमाला फोन येस्तोवर उशीर झालेला असतो."

"मग कावून जाता?"

"घरचे काठावर बसलेले असतात ना."

पोरीनं पुन्हा इचारलं, "भ्या वाटतं का खाली?"

"लई वाटतं."

"मग वर कसे येता?"

"दोरीला झटका देतो. नाना ओढून घेतात."

तवा तिनं पहिल्यांदा मान वर केली. आमाला वाटलं दत्तूकडं बघल. तिनं बघितलं माझ्याकडं! पायापास्नं डोक्यापस्तोर, बैल घ्यायला आल्यावानी.

"काका, तुमाला बीपी, शुगर काई?"

"न्हाई बाई."

"मग मघापास्नं खांदा कावून चोळताय?"

"थंडीनं धरलाय जरासा," मी म्हणलो.

पोरीनं पोह्याच्या बश्या गोळा केल्या, उठली आन दारात थांबून बापाला म्हणली, "आबा, माझं हो हाय. पण ह्या काकाचा खांदा आधी दवाखान्यात दाखवून घ्या."