पोचल्याची खात्री

आमच्या पेणच्या खोक्यांच्या कारखान्यात जे सुरळीत झालं, ते मला आठवत नाही. जे फसलं, ते मात्र पाठ आहे. त्यात कॉम्प्युटर आला, मग काय विचारता!

रोह्याच्या कंपनीला आम्ही पुठ्ठ्याची खोकी पुरवत असू. आमचे नाना रोज एसटीने रोह्याला जाऊन ऑर्डरचा कागद आणायचे. त्यांची लेक तिथेच दिलेली, पहिलटकरीण. आई नाही, मग माहेरी बाळंतपण कोण करणार? नाना जाता जाता तिला भाकरी-जवळा पोचवून यायचे. आणि कंपनीने कळवलं, यापुढे ऑर्डर फोनच्या तारेतून थेट कॉम्प्युटरवर येईल. म्हणजे नानांची रोजची रोह्याची फेरी बंद.

*

पहिली ऑर्डर येत होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावर मालकीणबाईंनी बहिणीला लावायला त्याच लाइनवरचा फोन उचलला. झालं, ऑर्डर अर्धीच राहिली! बाई धावत खाली आल्या आणि भाऊंना, म्हणजे आमच्या मालकांना, विचारू लागल्या, "अहो, फोनात कोण कण्हतंय?"

त्या दिवसापासून ऑर्डरच्या वेळी वरच्या फोनवर उशी ठेवायचा नियम झाला.

*

पुढची ऑर्डर पूर्ण आली. लांबी, रुंदी, नग, सगळं बरोबर. नाना कागद पाहून म्हणाले, "तळाला दुहेरी पट्टी नाय लिवली. त्यांच्या स्टोअरची फरशी पावसाळ्यात वली असते." ते यंत्राला कुठलं ठाऊक? मग स्टोअरवाल्या काकांना फोन केला. तेव्हापासून ते शेवटच्या 'शेरा' रकान्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागले.

*

एके दिवशी सगळं बिनचूक झालं. ऑर्डर आली, आमचं उत्तर गेलं, ते पोचल्याची पावतीसुद्धा छापून आली. नानांनी खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली. आत डबा तसाच होता.

भाऊंनी पावती दोनदा वाचली. हे यंत्र आणण्याची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच होती.

"नाना," ते म्हणाले, "यंत्र म्हणतंय पोचलं. पण खात्री काय? जाऊन विचारून या."

नाना गेले. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. रोज पावती छापून यायची आणि रोज नाना आमचं उत्तर खरंच पोचलं का, ते विचारायला रोह्याला जायचे. स्टोअरवाले काका हो म्हणायचे आणि चहा पाजायचे.

*

एका संध्याकाळी नाना परतले नाहीत. सकाळी कॉम्प्युटरवर ऑर्डर आली. नग शून्य! मी घाबरून शेरा वाचला: 'नानांना नात झाली. दोघी सुखरूप. नाना इथेच आहेत.'

भाऊंनी चष्मा पुसला. "पोचलं म्हणून कळव," म्हणाले.

मी बटण दाबणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. यंत्राचा काय भरवसा? मीच जाऊन सांगतो."

आणि छत्री घेऊन ते स्टँडकडे निघाले.