आबांच्या तुपाची बाजू मी घेतली

आबांची ब्लड टेस्ट मी कॅन्सल केली होती.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. टेस्टचं घरी सगळ्यांना माहितेय.

आबा म्हणजे माझे आजोबा, कळमनुरीचे. सोरायसिस अगदी लहानपणापासून. कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडे पांढरे पापुद्रे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. लोकांना वाटायचं महारोग आहे. लेकराला पाणी पण लांबून, ओंजळीत ओतायचे.

एका हकीमसाहेबांनी भर बाजारात आबांच्या तांब्यातलं उष्टं पाणी प्यायलं.

"छूत नहीं है. चमडी सूखी है, बस."

आणि आबांच्या आईला सांगितलं, रोज सकाळी वाटीभर कोमट तूप पाज.

आबांनी ते जन्मभर पाळलं.

मला फिटनेसचं वेड. मी त्यांच्या वाटीचे रील्स करायचे. "आबा, तुम्ही तर ओरिजिनल इन्फ्लुएन्सर!"

मग हिंगोलीच्या स्किनच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सोरायसिस नुसता कातडीचा नसतो. अशा पेशंटचं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स बऱ्याचदा वाढलेले असतात. हार्टला रिस्क असते. लिपिड प्रोफाइलची रक्त तपासणी करून घ्या."

उपाशीपोटी जायचं होतं. आबा वाटी घेऊनच बसलेले.

"काहून जायचं? रगत घेतील अन् तूप बंद करतील."

"आबा, नुसती टेस्ट आहे."

"ज्या मानसानं माह्यं उष्टं पानी पेलं, त्यानं सांगितलेलं तूप हाय हे. तुह्यी डॉक्टरीण माह्यं उष्टं पेईल का?"

मला हसू आलं. तसंही गावरान तूप म्हणजे गुड फॅट, हे मी दहा व्हिडिओत ऐकलेलं.

लॅबला फोन केला. "आज नाही जमणार." वर त्यांच्या वाटीतले दोन घोट मीही घेतले.

आबा आईला ओरडून म्हणाले, "पाह्य, पोरगी शिकलेली हाय आपली!"

महिन्याभरात आबांना अटॅक आला, त्यातच गेले.

"वय झालं होतं गं," आई म्हणते. तुपानंच झालं, असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, रिपोर्ट असता तर वेळेत गोळी सुरू केली असती.

टेस्ट केल्यानं तूप त्याच दिवशी थोडंच बंद होणार होतं? आधी नुसतं कळलं असतं. नंतर भांडलो असतो, अर्ध्या वाटीवर तोडगा काढला असता.

एवढं साधं त्यांना सांगायचं होतं. पण ते मला शिकलेली म्हणाले, आणि मी फुगले.

घरात कुणाला सोरायसिस असेल तर मलमासोबत रक्तही तपासा. प्लीज.

आबा, नमस्कार करते. माफी मागायची राहिली होती, ती आज मागते.